माघार आणि मेहनताना

दिल्लीच्या कोणत्याही वसाहतीत, मग ती पहाडगंजातील जुनी मराठी वस्ती असो की यमुनेपलीकडील मयूर विहार, 'प्रॉपर्टीज'ची पाटी लावून बसलेला एक तरी गृहस्थ बाजारात असतोच. आणि निवृत्तीनंतर पुण्यास जाण्याचा बेत ज्या मराठी नोकरदाराच्या मनात घोळू लागतो, त्याच्या घराची किल्ली बहुधा अशाच गृहस्थाच्या खुंटीवर जाऊन विसावते. पुढे मुलाची बदली दिल्लीस होते आणि विकावयाचे घर राखावयाचे ठरते. माझ्या परिचयाच्या एका निवृत्त अधिकाऱ्यांनी अशीच माघार घेतली, तेव्हा डीलर महाशय हात जोडून म्हणाले, "साहब, पार्टी तो हम लाये थे, हमारा एक परसेंट?"

या प्रश्नाचे उत्तर 1872 च्या करार कायद्याने देऊन ठेवले आहे. निराळा करार नसेल तर अभिकर्त्याचा, म्हणजे एजंटाचा, मेहनताना सोपविलेले कार्य पूर्ण झाल्याखेरीज देय होत नाही, असे त्याचे 219 वे कलम सांगते. मात्र ठराविक मुदतीपर्यंत काम सोपविल्याचा करार असून मालकाने सबळ कारणावाचून ते मध्येच काढून घेतले, तर 205 व्या कलमान्वये नुकसानभरपाई द्यावी लागते. असाच प्रश्न विलायतेतही उठला. ईस्टबोर्नच्या लक्झर कंपनीची चित्रपटगृहे विकली जावयाची होती. दलालाने गिऱ्हाईक आणले, कंपनीने विक्रीच रद्द केली, आणि दहा हजार पौंडांचा दावा हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत जाऊन फेटाळला गेला. 1941 च्या निवाड्यांत छापलेल्या त्या निकालात लॉर्ड रसेल यांनी मोठा मार्मिक हिशेब मांडला: आठ-नऊ दिवसांच्या कामासाठी लॉर्ड चॅन्सेलरच्या वर्षभराच्या वेतनाइतकी रक्कम मिळण्याचा संभव असेल, तर तो जोखीम पत्करण्याजोगाच सौदा होय!

पण आपल्या सर्वोच्च न्यायालयासमोर 1950 मध्ये कलकत्त्याच्या अमरतल्ला स्ट्रीटवरील घराचे प्रकरण आले, तेव्हा पारडे दलालाकडे झुकले. मालकाने लिहून दिलेल्या पत्रात मेहनताना विक्री पूर्ण होण्याशी नव्हे, गिऱ्हाईक मिळवून देण्याशी जोडलेला होता. ते दलालाने मिळवून दिले होते, आणि मालकाने पुढे त्याच खरेदीदारांच्या माणसांशी परस्पर व्यवहार उरकला होता. अशा मालकाविषयी मला यत्किंचितही सहानुभूती नाही.

दिल्लीत या साऱ्याचा निकाल व्यवहारात बयान्यापाशी, म्हणजे आपल्या इसारापाशी, लागतो. बयान्यानंतर विक्रेता फिरला तर दुप्पट रक्कम परत करण्याची अट पावतीतच लिहिलेली असते, आणि डीलरही तेथून आपला हक्क सांगू लागतो. तो मला न्याय्य वाटतो, कारण त्याचे काम तेथे बहुतांशी संपलेले असते. त्यापूर्वीच्या माघारीवर मात्र टक्केवारी मागणे हा निव्वळ दबाव होय. आमच्या अधिकाऱ्यांचा बयाना झाला नव्हता, कागद तर नव्हताच. सबब तो दावा टिकणारा नव्हता. तरीही मे महिन्याच्या उन्हात चार-चार जिने चढून गिऱ्हाइके आणणाऱ्या माणसास त्यांनी राजीखुशीने काही दिले असते, तर मी त्यांना भोळे म्हटले नसते.

2016 च्या रेरा कायद्याने नोंदणीकृत प्रकल्पांतील दलालांस नोंदणी सक्तीची केली, पण दलालीचा दर ठरविला नाही, आणि दिल्ली विकास प्राधिकरणाच्या (डीडीएच्या) जुन्या सदनिकांची फेरविक्री त्या कक्षेबाहेरच राहिली. शेजारच्या हरियाणाने मात्र 2008 मध्ये प्रॉपर्टी डीलरांसाठी स्वतंत्र कायदा करून त्याच्या नियमांत दोन्ही पक्षांकडून अर्धा-अर्धा टक्का अशी मर्यादा घातली. दिल्लीत रूढीचाच अंमल चालतो.

तेव्हा ज्यांना घर विकावयाचे आहे, त्यांनी किल्ली हवाली करण्यापूर्वीच, दलाली गिऱ्हाईक दाखविल्यावर, बयान्यावर की रजिस्ट्रीवर देय होईल, आणि मध्येच माघार घेतल्यास काय द्यावयाचे, एवढे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात.