होलिकेचा हेतू आणि अग्नीची साक्ष

होळीपौर्णिमेची कथा आपल्या घराघरांत सांगितली जाते. बालप्रल्हादाला मांडीवर घेऊन होलिका अग्नीत बसली, ती त्याला जाळण्याच्या हेतूने. ज्या अग्नीच्या साक्षीने आपण विवाह लावतो, त्यालाच मारेकरी करू पाहण्याचे ते कृत्य होते. अग्नी त्या कटात सामील झाला नाही.

असे हेतू पुराणांतच संपले नाहीत. १९ मार्च २०२५ रोजी, ऐन रंगपंचमीच्या सकाळी, हिंजवडीत कामगारांना घेऊन जाणाऱ्या कंपनीच्या गाडीने पेट घेतला. मागचे दार उघडले नाही आणि चौघे होरपळून मृत्युमुखी पडले. प्रथम शॉर्टसर्किटचा तर्क झाला. दुसऱ्या दिवशी पोलिसांनी सांगितले, की चालकानेच रागाच्या भरात, कंपनीतून आणलेले बेंझिन वापरून ही आग लावली. आरोपाचा निर्णय न्यायालय करील. परंतु तपासच झाला नसता, तर हे चार मृत्यू दैवाच्या खाती जमा झाले असते.

आग सारा पुरावा गिळून टाकते, हा समज पूर्ण खरा नाही. जेथे ती प्रथम लागते, तेथील जळण्याच्या खुणा बहुधा निराळ्या असतात. ओतलेला द्रव फटींत आणि चिंध्यांत मुरतो. ते अवशेष हवाबंद डब्यात न्यायवैद्यक प्रयोगशाळेत पोहोचले, तर इंधनाचा अंश सापडू शकतो. परस्परांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणी आग लागलेली दिसली, तर संशय बळावतो. गुन्ह्याचा तपास पोलिसांचा असला, तरी धूर कसा होता, कोणते दार बंद होते, हे आधी पाहतो तो अग्निशमन दलाचा जवान.

म्हणूनच पिंपरी-चिंचवड महापालिकेच्या आणि चाकणसारख्या औद्योगिक वसाहतींच्या अग्निशमन केंद्रांत कारणशोधाचे शिक्षण घेतलेला अधिकारी असावा, असे आम्हांस वाटते. महाराष्ट्राच्या २००६ च्या अग्निप्रतिबंधक कायद्यानुसार मालकाने दर जानेवारी व जुलैत अग्निसुरक्षा यंत्रणा सुस्थितीत असल्याचा दाखला द्यावयाचा असतो. त्याच्या जोडीला ज्वालाग्राही रसायनांचा चोख हिशेब ठेवला जावा आणि कामगारांतील धुमसता राग वेळीच ऐकून घेतला जावा. नागरिकांनीही आगीनंतरची जागा तपासापूर्वी झाडूपुसू नये.

प्रल्हादासाठी देव धावला. हिंजवडीच्या त्या चौघांना एक उघडणारे दारही तारू शकले असते. होळीला नैवेद्य दाखविताना एवढे स्मरण प्रत्येक घराने ठेवावे.