घड्यात न पडलेली नावे

तामिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात उत्तरमेरूर नावाचे एक गाव आहे. आज त्याला गावापेक्षा लहान शहर म्हणणेच योग्य. परंतु तेथील वैकुंठपेरुमाळ मंदिराच्या भिंतींवरील लेख अकराशे वर्षांपूर्वीच्या गावाविषयी बोलतात. पहिल्या परांतक चोळाच्या कारकीर्दीत, इ. स. 919 व 921 साली, तेथील ग्रामसभेने आपला कारभार कोणी व कसा पाहावा ह्याचे नियम ठरविले, ते हे लेख होत. आपल्या देशातील लोकशाही प्राचीन आहे असे सांगताना वक्ते ह्यांचा दाखला देतात. आमच्या विद्यार्थ्यांनीही तो अवश्य द्यावा. मात्र लेख अर्धाच वाचून देऊ नये, एवढेच आमचे म्हणणे आहे.

निवडीची रीत मोठी मनोहर होती. गावाचे तीस विभाग असत. पात्र पुरुषांची नावे चिठ्ठ्यांवर लिहून विभागवार पुडकी बांधीत व ती एका घड्यात घालीत. सभा भरली म्हणजे सर्वांत वृद्ध पुजारी तो घडा सर्वांना दिसेल असा उंच धरी. आत काय आहे हे ज्यास ठाऊक नाही अशा एका लहान मुलाकडून एक पुडके काढवीत, ते दुसऱ्या घड्यात सोडून हलवीत आणि त्याच मुलाकडून एक चिठ्ठी उचलवीत. मध्यस्थाने ती पाचही बोटे पसरून तळहातावर घ्यावयाची! हातचलाखीला वाव राहू नये म्हणून केवढी ही काळजी! अशा रीतीने वर्षाच्या कारभाराची, बागांची व तलावाची मंडळे नेमली जात.

ह्याहून आम्हांस अधिक आवडलेला नियम हिशेबाचा आहे. ज्याने पूर्वी मंडळावर काम करून हिशेब दिला नाही, त्याचे नाव पुन्हा घड्यात पडत नसे. इतकेच नव्हे, तर त्याचा मुलगा, सासरा, जावई, मेहुणा, मावसभाऊ ह्यांनाही मज्जाव होता. वर्गाच्या सहलीची वर्गणी गोळा करून हिशेबाची वही हरवून बसणाऱ्या आमच्या कित्येक मित्रांची तेथे काय गत झाली असती, कोण जाणे!

आता लेखाची दुसरी बाजू. घड्यात नाव पडण्यास पाव वेलीहून अधिक करपात्र जमीन (वेली हे तिकडील जमिनीचे माप), स्वतःच्या जागेवर घर, वय 35 ते 70 आणि वेदाध्ययन एवढे लागे. जास्त विद्या असल्यास जमिनीची अट अर्धी होई. हे गाव ब्राह्मणांस दान दिलेले होते आणि सभा त्यांचीच होती. भाताची लावणी करणारी मजूर स्त्री, कुंभार, परीट, शेतमजूर ह्यांची नावे चिठ्ठीवर येण्याचा प्रश्नच नव्हता. पुढे राजराज चोळाच्या तंजावर येथील लेखात गावांच्या करमाफ जमिनी मोजल्या आहेत. त्यांत परैयर लोकांची वस्ती निराळी मोजलेली आढळते. गावकूस म्हणजे काय हे ज्यांना ठाऊक आहे, त्या मराठी वाचकांस अधिक सांगावयास नको.

म्हणूनच 4 नोव्हेंबर 1948 रोजी घटना समितीत डॉ. आंबेडकरांनी जुन्या ग्रामसंस्थांच्या गुणगानावर जी कठोर टीका केली, ती आम्हांस गावाचा द्वेष वाटत नाही. ज्याचे नाव घड्यात कधी पडले नाही, त्याच्या बाजूने केलेले ते वाचन होते. पंचायतींत स्त्रियांस किमान एकतृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती 1993 साली अमलात आली, तेव्हा परांतकाच्या काळाला हजाराहून अधिक वर्षे लोटली होती. तरीही हिशेबाचा तो नियम जुना म्हणून टाकून द्यावा, असे आम्ही कदापि म्हणणार नाही. आज तो कितीशा संस्था पाळतात, हे पालकांनीच आपापल्या ठिकाणी पाहावे.

त्या भागात ईशान्येकडून येणारा पाऊस मुख्यतः ऑक्टोबर ते डिसेंबरात पडतो व तलावात साठविलेल्या पाण्यावर भात पिकते. तलावाच्या मंडळात सहा जण असत. गाळ काढण्यासाठी दिलेल्या देणग्याही तेथील लेखांत नोंदलेल्या आहेत. आमच्यापैकी कोणी पुढेमागे दक्षिणेत गेला, तर त्याने मंदिराच्या भिंती पाहून झाल्यावर तलावाच्या बांधापर्यंतही चालत जावे.