घासण्याआधी तपासा, की फक्त बिल काढायचंय?

मार्च अखेर आली की उरलेला निधी संपवायची घाई सुटते. मग जुन्या वाचनालयांची, शाळांची कपाटं, खुर्च्या अंगणात येतात. पॉलिश पेपरने घासून काढायच्या, वर पीयू नाहीतर मेलामाईन मारायचं, फोटो काढायचा, बिल लावायचं. शंभर वर्षांचं सागवान कालच शोरूममधून आणल्यासारखं दिसतं!

एका संस्थेत मी विचारलं, खरवडलं ते काय होतं? उत्तर आलं, "काही नाही हो, जुनं काळं वॉर्निश."

काही नाही कसं? ती लाख असू शकते. पळस, बोर, कुसुमच्या फांद्यांवरच्या किड्यांनी तयार केलेली, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्याने थरावर थर दिलेली. किंवा जवसाच्या तेलात शिजवलेली राळ, चंद्रस असू शकतो. वस्तू कोणत्या काळातली, कारागिराची पद्धत कोणती, नंतर कुणी डागडुजी केली, याचा पुरावा त्याच थरात असतो. तो आपण भुशाबरोबर झाडून टाकतो.

नुसत्या डोळ्यांनी हे कळत नाही. अतिनील दिव्याखाली लाख बहुधा नारिंगी चमकते, तो पहिला इशारा. मग मोहरीपेक्षा लहान कण घेऊन इन्फ्रारेड तपासणी केली की लाख, तेल की आधुनिक प्लास्टिकचा थर, याचा अंदाज येतो. मिश्रण असेल तर गॅस क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री लागते. त्यात कोणती राळ तेही ओळखता येतं.

हा पंडिती हट्ट नाही. लाख निघाली तर बहुतेक वेळा खरवडायची गरजच नसते; जाणकार कारागीर स्पिरिट आणि नवी लाख वापरून तोच थर सावरतो. पीयू एकदा बसलं की ते काढताना खालचं मूळही जातं.

"आपल्याकडे सोय नाही" हे सांगू नका. लखनौला 1976 पासून केंद्र सरकारची संवर्धन प्रयोगशाळा आहे. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात संवर्धन केंद्र आहे. निदान फोन करून सल्ला तरी विचारा!

ज्या नगरच्या किल्ल्यात नेहरूंनी कैदेत 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया' लिहिलं, त्या जिल्ह्याला जुन्या वस्तूंची किंमत कुणी शिकवायला हवी का?

मागणी एवढीच: सार्वजनिक पैशातून जुन्या फर्निचरला हात लावण्याआधी फोटो, तपासणी आणि लेखी अहवाल. हे अंदाजपत्रकातच घाला. अहवाल नसेल तर बिल मंजूर करू नका.

तुमच्या गावात असं काम निघालं असेल तर उद्याच जाऊन विचारा. पॉलिश पेपर फिरल्यावर विचारून उपयोग नाही.