चाकांवरचे घर आणि लाल दिवा

या सदरात आपण आजवर कुकर, मिक्सर, इस्त्री असे घरातले जिन्नस उघडून पाहिले. आज जरा लांबची गोष्ट सांगतो.

माझी थोरली मुलगी इंग्लंडमध्ये नर्स आहे. मागे एका एप्रिलमध्ये आम्ही उभयता तिच्याकडे गेलो होतो. जावईबापूंनी आठ दिवसांसाठी मोटारहोम भाड्याने घेतले आणि आम्हाला स्कॉटलंडला नेले. मोटारहोम म्हणजे टेम्पोएवढ्या गाडीत मांडलेले बिऱ्हाडच. ओटा, मोरी, बिछाने, सगळे आत. दहा बाय बाराच्या खोलीत संसार केलेल्या आमच्या सौ. म्हणाल्या, "हे तर आपलंच घर, नुसती चाकं लावलीत!"

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी एव्हिमोर गावाजवळ मुक्काम केला. डोंगरावर बर्फ, हवा बोचरी. गाडीचा बॉयलर गॅसवर चालतो. तोच पाणी तापवतो आणि तोच आत गरम हवा सोडतो. खटका दाबला, थोडी घरघर झाली आणि लाल दिवा लागला. जावईबापूंनी चार-पाच वेळा बंद-चालू केले. मी हात धरला. न पेटलेला गॅस आत साचू नये म्हणून दोन प्रयत्नांमध्ये काही मिनिटे थांबावे लागते.

मी १९८२ च्या संपापर्यंत मिलमध्ये बॉयलरवर होतो. आमचे हेड मिस्त्री सांगायचे, "आधी पाणी बघ, मग आग बघ, मग धूर बघ." तिथला बॉयलर या गाडीहून मोठा, पण क्रम तोच धरला.

पाणी. गाडीखाली थेंब थेंब गळत होते. नळी फुटली असे वाटून मुलगी घाबरली. पण अशा बॉयलरला एक खास झडप असते. तिच्याभोवतीची हवा तीन अंशांच्या आसपास उतरली की ती आपोआप उघडते आणि टाकी रिकामी करते. पाणी गोठले की फुगते, त्याने टाकी फुटू नये म्हणून ही सोय. जागा पुन्हा सात-आठ अंशांपर्यंत तापल्याशिवाय झडप बंद राहत नाही. म्हणजे हा बिघाड नव्हता.

आग. शेगडी निळी पेटली, म्हणजे सिलिंडरमध्ये गॅस होता. थंडीत हेही पाहावे लागते, कारण ब्युटेन शून्य अंशाच्या आसपास वायू व्हायचे थांबते, प्रोपेन मात्र उणे चाळीसपर्यंत साथ देते. आमचे सिलिंडर प्रोपेनचे होते. बॉयलरकडे जाणारी गॅसची चावी उघडी होती. ठिणगी आणि पंख्याला १२ व्होल्टची बॅटरी लागते. नातीने दिवसभर टीव्ही पाहिला होता म्हणून तीही तपासली, ठीक होती.

तोवर नऊ वाजले. नात कुडकुडत होती. जावईबापू म्हणाले, "बाबा, रात्रभर शेगडी पेटती ठेवू का? खिडक्या लावून घेतो." मी जन्मात जावयावर ओरडलो नव्हतो, त्या रात्री ओरडलो. बंद जागेत आग जळत राहिली की हवा कमी पडते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तात तो प्राणवायूच्या दोनशेपटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. आपल्याकडे खिडकी नसलेल्या न्हाणीघरात गॅस गीझर लावतात किंवा थंडीत शेगडी घेऊन दार लावून झोपतात, तिथेही हेच घडते. घरातल्या सगळ्यांचे डोके एकदम दुखू लागले आणि बाहेर गेल्यावर बरे वाटले, तर आधी गॅस बंद करा, दारे उघडा, सगळ्यांना बाहेर काढा, मग डॉक्टरकडे चला.

राहिला धूर. टॉर्च घेऊन गाडीला फेरी मारली. बाजूच्या पत्र्यावर वाटीएवढी जाळी असते. बॉयलर तिथूनच हवा घेतो आणि तिथूनच धूर सोडतो. त्या जाळीवर प्लास्टिकचे टोपण बसवलेले होते! गाडी धुताना मालकाने लावले असणार. हवा मिळेना म्हणून यंत्र स्वतःच बंद पडत होते. लाल दिव्याला आम्ही शिव्या घालत होतो, आणि तोच आमची राखण करत होता.

टोपण काढले, पाच मिनिटे थांबलो, खटका दाबला. पेटला. एवढ्याने पेटला नसता तर मी पुढे हात लावला नसता. बर्नर उघडणे, गॅसची नळी सोडवणे ही कामे माझी नव्हेत. तिथे भाड्याच्या गाडीच्या गॅसला नोंदणी असलेल्या कारागिरानेच हात लावायचा असतो. आम्ही त्या रात्री सगळ्या रजया नातीवर घातल्या असत्या, एवढेच.

आधी गरम हवेने आतली जागा तापू दिली, मग झडप दाबून बसवली आणि टाकी भरली. नातीची आंघोळ व्हायला अकरा वाजले. टोपण मी सुतळीने गाडीच्या किल्लीला बांधून ठेवले.