मोलाचा, पण कोणासाठी?

अमेरिकेतील बेसबॉल-लेखकांची संघटना १९३१ पासून दर वर्षी दोन्ही लीगमधून एकेक ‘सर्वांत मोलाचा खेळाडू’ निवडत आली आहे. मतदारांना जी सूचना धाडली जाते तिच्यात आरंभीच एक कबुली असते : ‘मोलाचा’ म्हणजे काय याची निश्चित अशी व्याख्या नाही, ती ज्याची त्याने करावी. पुढे काही निकष येतात. फलंदाजी आणि क्षेत्ररक्षण यांतून खेळाडूने आपल्या संघाला दिलेले प्रत्यक्ष मूल्य, खेळलेल्या सामन्यांची संख्या, आणि मग शील, वृत्ती, निष्ठा, परिश्रम. विजेता खेळाडू अव्वल आलेल्या संघातलाच असला पाहिजे असे नाही, हेही त्यात स्पष्ट म्हटलेले आहे. मुख्य शब्दाची व्याख्या न करता त्याच्यावर निवाडा मागणारा हा दस्तऐवज साहित्याच्या विद्यार्थ्यांनी अवश्य अभ्यासावा असे आम्हांला वाटते. आमच्या विषयातले निम्मे वाद याच जातीचे आहेत.

या पुरस्कारावरून झालेल्या वादांपैकी आम्हांला सर्वाधिक बोधक वाटतो तो २०१२ सालचा, अमेरिकन लीगमधला. एका बाजूला डेट्रॉइट टायगर्सचा मिगेल काब्रेरा, दुसऱ्या बाजूला लॉस एंजेलिस एंजल्सचा माइक ट्राउट. काब्रेराने त्या वर्षी ‘ट्रिपल क्राउन’ मिळवला, म्हणजे फलंदाजीची सरासरी (०.३३०), होमरन (४४) आणि आपल्या फटक्यांवर घरी आणलेल्या धावा (१३९) या तिन्ही बाबतींत तो लीगमध्ये पहिला आला. १९६७ मध्ये कार्ल यास्त्रझेम्स्कीने हे केले होते. त्यानंतर पंचेचाळीस वर्षे कोणालाही ते जमले नव्हते. ट्राउट अवघ्या विशीतला, पहिलाच पूर्ण हंगाम खेळणारा. सरासरी ०.३२६, होमरन ३०, घरी आणलेल्या धावा ८३. पण स्वतः पळून काढलेल्या धावा १२९ आणि चोरलेले बेस ४९, या दोन्हींत तो लीगमध्ये पहिला. शिवाय सेंटर फील्डसारख्या अवघड जागी त्याचे क्षेत्ररक्षण. जूनमध्ये बाल्टिमोरला जे. जे. हार्डीचा कुंपणापलीकडे निघालेला चेंडू त्याने भिंतीवर झेपावून परत आणला, तो झेल ज्यांनी पाहिला आहे त्यांना अधिक सांगायला नको. नोव्हेंबरमध्ये निकाल लागला तेव्हा अठ्ठावीसपैकी बावीस मतदारांनी काब्रेराला पहिले स्थान दिले होते, सहा जणांनी ट्राउटला. गुण ३६२ विरुद्ध २८१.

आमच्या मते हा निवाडा चुकला. काब्रेरा थोर फलंदाज आहे याविषयी वाद नाही. निव्वळ बॅट हातात असताना त्या वर्षी तो ट्राउटपेक्षा काकणभर सरसच होता हेही मान्य. चुकली ती युक्तिवादाची रीत, आणि तिच्याविषयीच येथे लिहायचे आहे.

प्रथम त्या मुकुटाविषयी. ट्रिपल क्राउनला एक काव्यात्म गोलाई आहे. तीन आकडे, तिन्हींत पहिला. पण हे तीनच आकडे का? फलंदाजीची सरासरी रुजवली ती प्रामुख्याने हेन्री चॅडविक या पत्रकाराने, एकोणिसाव्या शतकात. हा गृहस्थ जन्माने इंग्लिश आणि मुळात क्रिकेटचा वार्ताहर. त्यामुळे आपल्याकडील वाचकाला त्याचा विचार ओळखीचा वाटेल. फटका मारणे हे फलंदाजाचे कर्तृत्व, आणि पिचरने चार चेंडू भलतीकडे टाकल्यामुळे मिळालेला पहिला बेस, ज्याला ‘वॉक’ म्हणतात, तो पिचरचा दोष, अशी त्याची धारणा होती. चेंडू ओळखून सोडणे ही कला आहे ही गोष्ट सरासरीच्या हिशेबात कधी आलीच नाही. ‘घरी आणलेल्या धावा’ ही मोजणी १९२० पासून अधिकृत झाली. ती तर फलंदाजाइतकीच त्याच्या पुढे खेळून बेसवर पोचलेल्या सहकाऱ्यांवर अवलंबून असते. ट्राउट फलंदाजीच्या क्रमात पहिला यायचा. सामन्याच्या आरंभी त्याच्यापुढे बेसवर कोणीही नसणार हे उघड आहे, आणि नंतरही त्याच्या आधी खेळायचे ते संघातले तळाचे फलंदाज. काब्रेरा तिसरा यायचा. १३९ आणि ८३ यांतील अंतराचा बराचसा भाग या क्रमातच आहे.

आणखी एक गंमत पाहा. होमरनमध्ये काब्रेराच्या मागे कर्टिस ग्रँडर्सन आणि जॉश हॅमिल्टन होते, प्रत्येकी ४३ वर. यांपैकी एकाने आणखी दोन होमरन मारले असते तर काब्रेराचा मुकुट नाहीसा झाला असता, आणि काब्रेराच्या खेळात मात्र तसूभरही फरक पडला नसता! मग जे मूल्य न्यूयॉर्कच्या किंवा टेक्ससच्या मैदानावरील परक्या माणसाच्या दोन फटक्यांनी नष्ट होऊ शकते, ते काब्रेराने डेट्रॉइटला दिलेले मूल्य कसे म्हणावे? मुकुट हा योगायोगाचा सुंदर आविष्कार आहे. त्याचे कौतुक करावे. त्याला पुरावा मानू नये.

दुसरा युक्तिवाद संघाचा, आणि तो अधिक गंभीरपणे घ्यायला हवा. ‘सर्वांत मोलाचा’ आणि ‘सर्वांत चांगला’ हे एक नव्हेत, असे काब्रेराचे पक्षपाती म्हणत. साहित्याच्या माणसांना हा भेद नवा नाही. बाबा पदमनजींची ‘यमुनापर्यटन’ (१८५७) पहिली मराठी कादंबरी म्हणून अभ्यासक्रमात असते. तिचे महत्त्व कोणी नाकारत नाही. पण ती मराठीतली उत्तम कादंबरी आहे असे विधान परीक्षेतसुद्धा कोणी लिहीत नाही. महत्त्व हे संदर्भातून येते, गुण हा कृतीत असतो. तेव्हा भेद ग्राह्य. पण मग त्या संदर्भाचा हिशेब नीट मांडा. डेट्रॉइट आपल्या विभागात पहिले येऊन पुढच्या फेरीत गेले ते ८८ विजयांवर. एंजल्सनी ८९ सामने जिंकले आणि ते आपल्या विभागात तिसरे आले! त्यांच्या विभागात ओकलंडने ९४ आणि टेक्ससने ९३ जिंकले होते. म्हणजे काब्रेराचे मोल वाढवले कोणी, तर डेट्रॉइटच्या विभागातील दुबळ्या शेजाऱ्यांनी. संदर्भ मोजायचा तर तो सोयीपुरता मोजता येत नाही.

ट्राउटच्या विरुद्ध खरे वजन असलेला मुद्दा एकच होता, आणि तो फारसा कोणी मांडला नाही. निकषांत सामन्यांची संख्या आहे. काब्रेरा १६१ सामने खेळला, ट्राउट १३९. एप्रिलचा बहुतेक काळ एंजल्सच्या व्यवस्थापनाने त्याला खालच्या लीगमध्येच ठेवले होते. तो आला तेव्हा संघाने वीसपैकी चौदा सामने गमावले होते. तेथून पुढे ८३ विजय आणि ५९ पराभव. हे सारे एकट्या ट्राउटमुळे झाले असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. पण सामने कमी असूनही त्याने धावांत आणि बेस चोरण्यात लीग मागे टाकली, हे लक्षात घेता निकषाचे पारडे आमच्या दृष्टीने फारसे झुकत नाही. काब्रेराच्या बाजूने शील आणि परिश्रम यांचाही उल्लेख व्हायला हवा. प्रिन्स फील्डर संघात आल्यावर काब्रेराने आपली पहिल्या बेसची जागा सोडून तिसऱ्या बेसवर उभे राहणे पत्करले. त्या जागी तो सामान्य होता. पण कुरकुर न करता गेला. निष्ठेच्या रकान्यात हे लिहिले पाहिजे.

या दोन युक्तिवादांचा इतिहास पाहिला म्हणजे मात्र हसू येते. १९४१ मध्ये टेड विल्यम्सची सरासरी ०.४०६ होती, पुरस्कार मिळाला लागोपाठ ५६ सामन्यांत फटका मारणाऱ्या जो डिमॅजिओला. डिमॅजिओचा संघ अर्थातच अव्वल होता. १९४२ मध्ये विल्यम्सने ट्रिपल क्राउन मिळवला. पुरस्कार न्यूयॉर्कच्या जो गॉर्डनला. १९४७ मध्ये विल्यम्सने पुन्हा ट्रिपल क्राउन मिळवला. पुरस्कार पुन्हा डिमॅजिओला, २०२ विरुद्ध २०१ अशा एका गुणाने. त्या वर्षी विल्यम्सची सरासरी ०.३४३ आणि होमरन ३२, डिमॅजिओची ०.३१५ आणि २०. म्हणजे मुकुट आणि संघ ही दोन कारणे एकमेकांविरुद्ध उभी राहिली तेव्हा मतदारांनी मुकुट बाजूला ठेवला. २०१२ मध्ये दोन्ही एकाच माणसाकडे आली तेव्हा दोन्ही स्वयंसिद्ध ठरली. विल्यम्सचे वृत्तपत्रवाल्यांशी हाडवैर होते हेही येथे विसरू नये. मते वृत्तपत्रवाल्यांचीच होती.

ट्राउटच्या समर्थकांचे शस्त्र होते ‘वॉर’ नावाचा आकडा. एखाद्या खेळाडूच्या जागी सहज मिळणारा सामान्य बदली खेळाडू उभा केला असता तर संघ किती सामने कमी जिंकला असता, याचा तो अंदाज. या हिशेबात ट्राउट दहाच्या वर आणि काब्रेरा सातच्या आसपास होता. या विचारपद्धतीचा एक आद्य पुरुष बिल जेम्स. कॅन्सस राज्यात एका कारखान्यावर रात्रपाळीचा पहारेकरी असताना त्याने १९७७ मध्ये स्वखर्चाने आपले पहिले टिपण काढले. (लघुनियतकालिकांच्या चळवळीची आठवण झाल्यास नवल नाही.) २०१२ मध्ये ही मंडळी बंडखोर होती आणि वृत्तपत्रीय लेखक त्यांना आकडेमोडे म्हणून हिणवत होते. वस्तुतः ट्रिपल क्राउन हीसुद्धा आकडेमोडच. फक्त जुनी, म्हणून ती परंपरा वाटते.

परंतु पुढे या नव्या आकड्याचेही तेच झाले. २०२५ चा निकाल पाहावा. सिअ‍ॅटलचा कॅचर कॅल रॅली याने ६० होमरन मारले; कॅचर असलेल्या कोणाही खेळाडूने एका हंगामात इतके मारलेले नाहीत. त्याचा संघ विभागात पहिला आला. पुरस्कार गेला न्यूयॉर्कच्या अ‍ॅरन जजला, पहिल्या स्थानाची मते १७ विरुद्ध १३. जजची फलंदाजी अलौकिक होती आणि ‘वॉर’च्या दोन्ही प्रसिद्ध हिशेबांत तो पुढे होता. मात्र एका हिशेबात दोघांतले अंतर मोठे आहे, तर दुसऱ्यात बरेच कमी. याचे एक कारण असे की कॅचर काठावरचा चेंडू ज्या रीतीने हातमोज्यात घेतो त्या रीतीने पंचाचा कौल बदलतो, आणि हे कौशल्य एकात धरले आहे, दुसऱ्यात नाही. पिचरला सांभाळणे, कोणता चेंडू टाकावा हे खुणेने सुचवणे, तीन तास उकिडवे बसून मग बॅट घेऊन उभे राहणे, यांपैकी बरेचसे अजून कोणत्याच रकान्यात नीट बसलेले नाही.

ट्राउटच्या बाजूने आम्ही उभे राहिलो ते ‘वॉर’मुळे नव्हे. रूढ मोजणीला न दिसणारे काम त्याने केले होते, आणि ते पाहणे हे मतदाराचे कर्तव्य होते, म्हणून. हाच न्याय लावायचा तर २०२५ मध्ये आमचे पहिले मत रॅलीला. मतदान पुढच्या फेऱ्या सुरू होण्यापूर्वीच संपते, त्यामुळे ऑक्टोबरमध्ये कोणी काय केले याचा येथे प्रश्न नाही. जजचे समर्थक म्हणतील की न मोजलेल्या कामाचा आधार घेतला तर कोणाचेही नाव पुढे करता येईल. आक्षेप रास्त आहे. पण कॅचरचे काम न मोजलेले असले तरी अदृश्य नाही. ते प्रत्येक चेंडूला, सर्वांच्या डोळ्यांसमोर चालू असते.