चार दिवसांचें लंडन

मे महिन्याच्या सुटींत चार दिवस लंडन पाहून यावें, ही हौस सातारा-सांगलीकडील सुशिक्षित कुटुंबांत आतां चांगलीच रुजली आहे. हौसेस आमची हरकत नाहीं. पैसा ज्याचा त्याचा. आमची तक्रार आहे ती कार्यक्रमाच्या कागदाविषयीं. साताऱ्याच्या एका स्नेह्यांनीं आपला कागद आम्हांस मोठ्या कौतुकानें दाखविला. पहिल्या दिवशीं राजवाड्यापुढील पहारेबदल व नदीकाठचें उंच चक्र, दुसऱ्या दिवशीं टॉवर आणि त्याजवळचा पूल, तिसऱ्या दिवशीं मेणाचे पुतळे, चौथ्या दिवशीं बाजारहाट. सांगलीच्या एका कुटुंबाचा कागद महिन्यापूर्वींच आमच्या पाहण्यांत आला होता. तोही अक्षरशः हाच! ज्यांच्या गांवांचा इतिहास निराळा, त्यांचें लंडन मात्र एकाच साच्यांतून कसें निघतें?

सातारकराचें लंडन लेडनहॉल स्ट्रीटवर आहे. तेथें ईस्ट इंडिया कंपनीची मुख्य कचेरी होती. १८३९ सालीं प्रतापसिंह महाराजांस गादीवरून काढून काशीस धाडण्यांत आलें. त्यांची बाजू मांडण्यासाठीं रंगो बापूजी गुप्ते विलायतेस गेले, आणि सुमारे १४ वर्षें त्या कचेरीशीं अर्ज-निवेदनांनीं झगडत राहिले. १८४७ सालीं महाराज काशीसच वारले. १८४८ सालीं सातारचें राज्यच खालसा झालें. वकील तरीही हटला नाहीं. अखेर ते रिकाम्या हातांनीं परतले. १८५७ सालीं साताऱ्यास ज्यांना देहान्त शिक्षा झाली त्यांत त्यांचा पुत्र सीताराम होता. स्वतः रंगो बापूजी नाहींसे झाले, ते सरकारास कधींच सांपडले नाहींत.

ती कचेरी पुढें पाडली गेली. तिच्या जागीं आज लॉइड्स या विमेवाल्यांची, नळ आणि जिने अंगाबाहेर काढलेली विचित्र इमारत उभी आहे. "मग तेथें पाहावयाचें काय?" असें आमच्या स्नेह्यांनीं विचारलें. चक्रांत बसून तरी काय दिसणार? छपरेंच ना!

दुसरी गोष्ट याहून नवलाची. जुलै २०२४ मध्यें व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयांतून वाघनखें साताऱ्यास आलीं, तेव्हां याच स्नेह्यांनीं सहकुटुंब रांग धरली होती. तीं साताऱ्यास असतांना ग्रँट डफला मिळालीं, असें त्यांच्या पेटीवरील लेख सांगतो. तीं शिवछत्रपतींचींच, असें सिद्ध करतां येत नाहीं, हें संग्रहालयही कबूल करतें. ग्रँट डफच्या हातीं जें लागलें तें कोणत्या घरांत जाऊन पडलें, हें पाहण्याची इच्छा सातारकरास न व्हावी? त्या संग्रहालयास सर्वसाधारण प्रवेशमूल्यही नाहीं. कागदावर त्याचें नांवही नव्हतें.

सांगलीकराचें लंडन आणखी वेगळें. विष्णुदास भाव्यांनीं १८४३ सालीं 'सीतास्वयंवर' रंगभूमीवर आणलें तें सांगलींत. 'ऑथेल्लो'वरून 'झुंझारराव' लिहिणारे देवल शेजारच्या हरिपूरचे. अशा गांवच्या माणसानें थेम्सकाठीं पुन्हा उभारलेल्या ग्लोब नाट्यगृहाच्या उघड्या अंगणांत, सर्वांत स्वस्त तिकीट काढून, एक प्रयोग उभ्यानें पाहूं नये काय?

"आम्ही सुटीवर जातों, परीक्षेस नव्हे," हा ठराविक आक्षेप. ठीक आहे. पण दुसऱ्यांच्या पाठी पाहत राजवाड्याच्या गजांशीं तासभर तिष्ठणें हीच विश्रांति, असें कोणीं ठरविलें? हेन्री मूरचें शिल्प विलायतेंतच पाहूं म्हणणारेही आम्हांस भेटले आहेत. त्यांनीं प्रथम औंधच्या भवानी संग्रहालयांत जावें. तेथें त्याचें 'मदर अँड चाइल्ड' आहे, आणि सकाळीं साताऱ्याहून निघालेला मनुष्य दुपारच्या जेवणास घरीं परततो.

आमच्या स्नेह्यांनीं वादानंतर बाजारहाटाचा दिवस अर्धा केला आहे. लेडनहॉल स्ट्रीट त्यांनीं रविवारीं घातला होता. तो भाग व्यापारी पेढ्यांचा. सुटीच्या दिवशीं ओस पडतो. कारकुनांची वर्दळ असेल अशा वारीं, कचेरीच्या वेळीं तेथें जावें, एवढें आम्हीं त्यांस सुचविलें आहे.