मोबाईलमधल्या गावाला वेस नसते

गेल्या दोन महिन्यांत तीन भगिनींनी वेगवेगळ्या वस्त्यांतून एकच गोष्ट विचारली. मुलगा (एकीच्या बाबतीत मुलगी) तासन् तास मोबाईलवर गाव बांधत बसतो. जुगार नाही, धडाधड गोळ्या झाडणे नाही. मग त्याला रागवावे की सोडून द्यावे? त्यातल्या एकीने पुढे असेही म्हटले की, "अभ्यासात एवढे डोके चालवले असते तर!" पुष्कळ आयांचे म्हणणे असेच असते. परंतु या खेळात डोके नेमके कशाला लागते, हे पाहिल्याशिवाय उत्तर देणे मला बरे वाटले नाही. म्हणून विहाराच्या अभ्यासिकेतल्या मुलांच्या शेजारी बसून मी हे खेळ पाहिले आणि थोडे खेळलोही.

या खेळांचा साचा साधारण एकच असतो. जग काल्पनिक, म्हणजे राक्षस, जादूगार, तलवारी, भुयारे असलेले. त्यात माळावर दोन-चार घरांची वस्ती. खेळणारा हा त्या गावाचा कारभारी. त्याने घरे, दुकाने, रस्ते कोठे असावेत ते ठरवायचे, पैसा जपून वापरायचा आणि गाव मोठे करायचे. गावात जे लढवय्ये असतात ते अनुभवाने एकेक पायरी वर चढतात, नवी हत्यारे घेतात, नवे कसब शिकतात. पूर्वी आपण खेळत होतो त्या व्यापाराच्या खेळासारखे हे काहीसे आहे. फक्त येथे सोंगट्यांना नावे आहेत, आणि त्या स्वतःच्या पायाने चालतात.

मला सर्वांत आवडला तो 'डंजन व्हिलेज' हा जपानी खेळ. टोकियोच्या कैरोसॉफ्ट नावाच्या छोट्या कंपनीने तो काढला आणि २०१२ साली तो इंग्रजीत मोबाईलवर आला. चित्रे ठिपक्याठिपक्यांची, जुन्या व्हिडिओ गेमसारखी. कारभाऱ्याने पहिल्यांदा एक मुक्कामाची खाणावळ बांधायची, एक हत्यारांचे दुकान बांधायचे. मग बाहेरगावचे भटके लढवय्ये येऊ लागतात. ते गावाबाहेर राक्षसांशी लढतात, त्यातून त्यांना पैसे मिळतात, आणि ते पैसे ते तुमच्याच गावात खर्च करतात. कोणी तलवार घेतो, कोणी जेवतो, कोणी रात्र काढतो. तेच गावाचे उत्पन्न. त्या उत्पन्नातून गाव मोठ्या मोहिमेची सुपारी देते, ती फत्ते झाली की गावाचे नाव होते, आणखी माणसे येतात.

बी.कॉम.ला आम्हाला पैसा कसा फिरतो ते तक्ते काढून शिकवले होते. अर्ध्या वर्गाला ते कळले नव्हते. येथे सातवीतला मुलगा मला सांगत होता, "काका, ह्यांच्या खिशात पैसे नसतील तर आपले दुकान चालणारच नाही." एवढे एक वाक्य ज्याला कळले, त्याला मजुरी का वाढली पाहिजे हे समजावून द्यायला युनियनच्या पुढाऱ्याला फार घसा कोरडा करावा लागणार नाही!

आणखी एक गोष्ट. या खेळात कारभाऱ्याला लढवय्यांवर हुकूम चालवता येत नाही. त्यांना बक्षीस द्यावे, भेट द्यावी, गावात सोयी कराव्यात. समाधान वाटले तर तो माणूस येथेच कायमचा राहायला येतो आणि मग गाव त्याला घर बांधून देते. नाही वाटले तर तो पाहुणाच राहतो. माणूस कोठे राहणार हे त्याने स्वतः ठरवायचे, ही कल्पनाच मला मोठी वाटली. २००० साली 'मॅजेस्टी' नावाचा एक अमेरिकन खेळ संगणकावर आला होता, त्यातही हेच होते. तेथे खेळणारा प्रत्यक्ष राजा असतो, परंतु राजाचाही हुकूम लढवय्ये ऐकत नाहीत. अमुक जागी जा असे वाटत असेल तर तेथे बक्षिसाचा झेंडा रोवायचा आणि वाट पाहायची. पुरेसे बक्षीस नसेल तर कोणी फिरकत नाही. वेठबिगारीला त्या राज्यात जागाच नाही.

आणि तिसरी गोष्ट, जी पाहून मी मोबाईल खाली ठेवला आणि मुलांशी बोलत बसलो. 'डंजन व्हिलेज'मध्ये लढवय्याचा पेशा बदलता येतो. आज तलवारीने लढणारा उद्या दुसरी विद्या घेऊ शकतो. मुलांना यात काही विशेष वाटत नाही, आणि वाटू नये हेच बरे. परंतु घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा. आपल्या पूर्वजांच्या गावात पेशा जन्माने गळ्यात पडत होता. महारकीची कामे म्हणजे सांगावे पोहोचवणे, सरकारी माणसांपुढे धावणे, शीव राखणे, मेलेली ढोरे ओढणे. ती वतनाच्या तुकड्याला बांधलेली होती, आणि तो तुकडा पोट भरण्याइतकाही नव्हता. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्यात दुरुस्ती करणारे विधेयक आणले. प्रत्यक्षात ही कनिष्ठ गाववतने रद्द करणारा कायदा व्हायला १९५८ साल उजाडले, तोवर बाबासाहेब आपल्यात नव्हते. १९३६ सालच्या 'जातिप्रथेचे विध्वंसन' या ग्रंथात त्यांनी अर्थशास्त्रज्ञाच्या नजरेने दाखवून दिले आहे की, धंदा बदलायची मोकळीक नसली म्हणजे एकीकडे काम पडून राहते आणि दुसरीकडे माणसे बेकार राहतात. जपानी खेळातल्या कारभाऱ्याला हे दहा मिनिटांत कळते. ज्याचा पेशा बदलायला हवा तो बदलला नाही, तर गावाची प्रगती अडते.

इतके कौतुक केले, म्हणून सगळेच गोड आहे असे समजू नये. या गावांत काही गोष्टी दिसतच नाहीत. नावे लढवय्यांना आहेत. त्यांच्या खिशाचा, हत्यारांचा, समाधानाचा हिशेब दिसतो. परंतु भिंत रचणारा कोण, खाणावळीत भांडी घासणारी कोण? 'मॅजेस्टी'त घर बांधायला हातोडा घेऊन बिचारे शेतकरी धावतात, राक्षस आला तर मरतातही, पण त्यांना नाव नाही. आपण घरी बांधकामावरची, सफाईची, घरकामाची माणसे असताना आपल्या मुलांनी एवढे तरी विचारले पाहिजे की, या गावातली आमची माणसे कोणती?

शिवाय कारभारी कोणी निवडून दिलेला नसतो. ग्रामसभा नाही, सरपंच बदलायची सोय नाही. कोणाचे घर कोठे ते एकटा ठरवतो. एकाच्या मर्जीवर चाललेले गाव सुरेख दिसते, कारण तेथे कोणाला तक्रार करायची सोयच ठेवलेली नसते. सुरेख गावाचे असले चित्र आपल्याकडेही पुष्कळांनी रंगवले. खेड्यांकडे चला, खेडे हाच आदर्श, असे म्हणणारे घटना परिषदेतही होते. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी बाबासाहेबांनी त्यांना स्पष्ट उत्तर दिले की, ही खेडी संकुचितपणाची आणि जातीयतेची आगरे आहेत, आणि घटनेच्या मसुद्याने खेडे हे एकक न मानता व्यक्तीला एकक मानले याचा आपल्याला आनंद आहे. त्यांना गावातले गाव माहीत होते. चित्रातले नव्हे.

म्हणून अभ्यासिकेत आम्ही एक उद्योग केला. मुलांना सांगितले, तुमच्या मोबाईलमधल्या गावाचा नकाशा कागदाच्या एका बाजूला काढा. दुसऱ्या बाजूला आजी-आजोबांना विचारून त्यांच्या मूळ गावाचा नकाशा काढा. पहिली बाजू अर्ध्या तासात झाली. दुसऱ्या बाजूला आठवडा लागला, कारण आजी-आजोबा एकदा बोलायला लागले की थांबत नाहीत. कागदांवर वेस आली, चावडी आली, पाटलाचा वाडा आला, देऊळ आले, दोन-दोन विहिरी आल्या. आणि ओढ्याच्या पलीकडे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, आपली वस्ती आली. एकूण अकरा नकाशे होते, गावे चार जिल्ह्यांतली. अकराही नकाशांत वस्ती गावाबाहेर!

एका मुलाने आपला नकाशा बराच वेळ पाहिला. तो 'क्लॅश ऑफ क्लॅन्स' खेळणारा. त्या खेळात घरे बोटाने उचलून हवी तेथे ठेवता येतात. त्याने विचारले, "मग हे उचलून मध्ये का नाही ठेवले?" त्याची आजी त्याला न्यायला आली होती, ती दारातच उभी होती. ती म्हणाली, "ते हलत नव्हतं बाबा. म्हणून आम्हीच हललो." एवढे बोलून तिने चपला घातल्या आणि बस चुकेल म्हणून घाई केली. पुढे मीही काही बोललो नाही, मुलांनीच तिला पुढच्या रविवारी बोलावून घेतले. कोणत्या साली गाव सोडले, पहिली खोली कोठे मिळाली, तिचे भाडे किती, हे सारे त्यांनी तिच्याकडून लिहून घेतले आहे.

आता पैशाचे बोलू, कारण भगिनींची खरी धास्ती तीच आहे, आणि ती रास्त आहे. 'डंजन व्हिलेज' एकदा पैसे देऊन घ्यायचा खेळ आहे. 'क्लॅश ऑफ क्लॅन्स'चे तसे नाही. फिनलंडच्या सुपरसेल कंपनीचा हा खेळ २०१२ साली आला आणि तो फुकट मिळतो. फुकट मिळणाऱ्या वस्तूचा हिशेब नेहमी दुसऱ्या पानावर असतो, हे कारकुनाला कोणी सांगायला नको. या खेळात सुरुवातीला बांधकामाला दोनच गवंडी मिळतात. काम नसले की ते आपल्या झोपडीत घोरत पडतात. पहिल्या पायऱ्यांवर बांधकाम चटकन होते, मुलाला गोडी लागते. पुढे एकेका बांधकामाला कित्येक दिवस लागू लागतात. थांबायचे नसेल तर हिरवे हिरे मोजा, काम लगेच पुरे. आणखी गवंडी हवा? हिरे मोजा. हिरे खेळातही थोडेथोडे मिळतात, परंतु घाई असणाऱ्याला ते पुरत नाहीत, आणि मग ते खऱ्या रुपयांनी विकत घ्यावे लागतात. त्यातून तुम्ही मोबाईल बाजूला ठेवलात की दुसरे खेळाडू येऊन तुमच्या गावातले धान्यधन लुटून नेतात, म्हणून मूल रात्री पांघरुणात मोबाईल उघडून पाहते. घरातल्या सावकाराची सवय आपल्या आजोबांनी मोडली. ती मोबाईलमधून परत यायला नको.

आणि या हिऱ्यांचे गवंड्याला काय मिळते? काहीच नाही. तो दिवसरात्र हातोडा मारतो, त्याला ना मजुरी ना खिसा. म्हणूनच त्या खेळात दुकानदारी नाही, नुसती लूट आहे. दोन्ही खेळ शेजारी शेजारी ठेवून हा फरक मुलांना दाखवा, त्यांना तो तुमच्या-माझ्यापेक्षा लवकर दिसतो.

काही पालकांचा समज झाला आहे की २०२५ साली संसदेने ऑनलाइन खेळांवर बंदी घातली, तेव्हा आता भीती नाही. तो कायदा जिंकण्याच्या आशेने पैसे लावायच्या खेळांसाठी आहे. हिरे विकत घेण्यात परत काही मिळायची आशाच नसते, फक्त पैसे जातात. त्यामुळे तेथे राखण घरच्यांनीच करायची आहे.

ती अवघड नाही. मोबाईलमध्ये ज्या प्ले स्टोअरमधून खेळ उतरवतो, त्याच्या सेटिंगमध्ये प्रत्येक खरेदीच्या वेळी पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागण्याची सोय आहे. ती चालू करावी, आणि ठसा मुलाचा नसून आईचा किंवा वडिलांचा असावा. ज्या मोबाईलवर पगार जमा झाल्याचा निरोप येतो आणि यूपीआय चालते, तो शक्यतो खेळायला देऊच नये. दुसरा मोबाईल घरात नसेल तर यूपीआयचा पिन मुलापुढे दाबू नये. वेळेचे म्हणाल तर बांधकाम लावून मोबाईल ठेवून द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी पाहायचे, हे 'क्लॅश'मध्ये चालते, मुलांना तसे सांगून पाहावे. दहावी-बारावीच्या वर्षी मात्र मी तरी हा खेळ काढून टाकायला सांगेन. गाव वाट पाहील, बोर्ड पाहणार नाही.

ज्यांना सेटिंग लावता येत नाही त्यांनी रविवारी वंदनेनंतर आपापल्या विहारातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुला-मुलींच्या हाती मोबाईल द्यावा. पाच मिनिटांचे काम आहे. पासवर्ड मात्र स्वतः टाकावा, आणि तो मुलाची जन्मतारीख किंवा १४०४ हा नसावा. मुलांनाही तेच दोन आकडे आधी सुचतात.